मोटार दारात आली, आता पुढे?



या सदरात बोंडअळी, ठिबक आणि गोठा यांच्याच गोष्टी जास्त होतात. परंतु गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र जरा निराळे निघाले. वैजापूर तालुक्यातून एक सूनबाई लिहितात : "आमची काही जमीन रस्त्यात गेली. आलेल्या पैशातून घर बांधले, विहीर खोल केली आणि धाकट्या दिरांच्या हट्टाने परदेशी बनावटीची, वेगाची सेडान मोटार घेतली. दोन महिने झाले. मामंजी तिच्यात बसायला तयार नाहीत, भावजी तिच्यातून उतरायला तयार नाहीत, आणि दर आठवड्याला काहीतरी नवा खर्च निघतो. गाडी विकावी असे कोणालाच वाटत नाही. पण ती घरात वागवायची कशी, हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?"

सांगतो. गाडी का घेतली, हा सवाल मी करणार नाही. ज्याची जमीन गेली त्याला त्या पैशाचे काय करायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. शिवाय ही हौस काही आपल्या शेतकऱ्यांनीच शोधून काढलेली नाही. २०१० सालच्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, डॉक्टर आणि व्यापारी मंडळींनी मिळून एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. त्याची चर्चा देशभर झाली. मर्सिडीजचा कारखाना आपल्याच चाकणला, कांद्याच्या बाजारपेठेजवळ आहे. तेव्हा या मोटारी आपल्याला अगदी परक्या राहिलेल्या नाहीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संकरित गाय पहिल्यांदा गावात आली तेव्हा काय झाले ते जुन्या मंडळींना आठवत असेल. गाय उत्तम होती, पण गोठा जुना, वैरण जुनी आणि सवयीही जुन्या. ज्यांनी सावली, पाणी, खुराक बदलला त्यांच्याकडे ती नांदली. ज्यांनी तिला गावरान गाईसारखी वागवली त्यांना ती पुरून उरली. मोटारीचेही तसेच आहे. तिच्यासाठी घराने काय बदलायचे आणि काय मुळीच बदलायचे नाही, हे आधी ठरवा. मग ती नांदेल.

पोटाखालची जागा

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारांची, मागे वेगळी डिकी असलेली घरगुती मोटार. पण तिचे इंजिन आणि बांधणी वेगासाठी केलेली. वेगात ती रस्त्याला धरून राहावी म्हणून तिची उंची मुद्दाम कमी ठेवतात. अशा मोटारीच्या पोटाखाली जमिनीपासून साधारण पाच ते सहा इंच जागा असते. आपली वीत नऊ इंचांची. म्हणजे विताएवढा दगडही तिला चालत नाही.

आता आपली पाणंद पाहा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडतात आणि मधे वरंबा उरतो. ट्रॅक्टर त्यावरून सहज जातो. मोटारीचे पोट मात्र त्या वरंब्याला घासते. तेथेच इंजिनच्या तेलाचे भांडे असते. ते फुटून तेल गळाले आणि गाडी तशीच चालवली तर इंजिन कामातून जाते. म्हणून वस्तीपर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकून तो वरंबा सपाट करून घ्यावा. तोवर गाडी डांबरी रस्त्यालगत एखाद्या पक्क्या जागेत ठेवून पुढे पायी किंवा दुचाकीने जावे. त्यात कमीपणा नाही.

गतिरोधकाचेही तसेच. शास्त्रशुद्ध गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असे रस्त्यांचे मानक सांगते. गावोगावचे गतिरोधक मात्र गवंड्याच्या मर्जीप्रमाणे असतात. अनोळखी रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकापाशी गाडी जवळजवळ थांबवावी. समोरून आणि मागून कोणी येत नसेल तर किंचित तिरकी घेऊन एकेक चाक चढवावे.

टायरही निराळे असतात. बाजूला २२५/४५ आर १८ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ असा : टायर २२५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे जेमतेम चार इंच, आणि आतील चाक १८ इंचांचे. खड्ड्यात आदळल्यावर हिसका सोसायला एवढे थोडे रबर असते, म्हणून टायरची भिंत फुगते किंवा चाकच वाकते. तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटे उभ्या असलेल्या रानात हा टायर कधीही घालू नये. यांपैकी पुष्कळ गाड्यांत स्टेपनी नसते. त्याऐवजी हवा गेल्यावरही थोडे अंतर हळू चालणारे टायर किंवा पंक्चर बुजवण्याचे साहित्य देतात. आपल्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून पाहा. रात्री बारा वाजता माळावर पाहू नका.

गवत, पाणी आणि उंदीर

ही तीन संकटे शहरातला विक्रेता सांगत नाही, कारण त्याच्या अंगणात ती नसतात.

पहिले वाळलेले गवत. मोटारीच्या धुराच्या नळीत धूर शुद्ध करणारा एक डबा असतो. गाडी चालून आली की तो काहीशे अंश तापलेला असतो, आणि गाडी बुटकी असल्याने तो जमिनीजवळ असतो. कडब्याच्या गंजीशेजारी, उसाच्या पाचटावर किंवा वाळलेल्या कुसळीवर गाडी उभी केली तर आग लागू शकते. खळ्यात गाडी नेऊ नये.

दुसरे पाणी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे, मग गाडी कोणतीही असो. पण या गाडीत आणखी एक धोका आहे. इंजिनला हवा घेण्याचे तोंड फार उंचावर नसते. तेथून पाणी आत शिरले की इंजिनच्या आतील दांडा वाकतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न बिलकुल करू नये. बंद पडलेली गाडी वाचते. पाण्यात पुन्हा चालू केलेली गाडी लाखोंच्या खर्चात घालते. साध्या विम्यात असे इंजिनचे नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे जोडकलम घ्यावे लागते. विम्याचा कागद काढून ते आहे का पाहा.

अशी गाडी ओढण्यासाठी ट्रॅक्टरची साखळी मिळेल तेथे अडकवू नये. डिकीतल्या हत्यारांत बहुधा एक कडी असते. ती बंपरमधील झाकण काढून आत फिरवून बसवायची असते. तीसुद्धा चिखलातून चार हात बाहेर काढण्यापुरतीच. आपोआप गिअर बदलणारी गाडी लांब न्यायची असेल तर ट्रकवर चढवूनच न्यावी.

तिसरे उंदीर. धान्याच्या कोठीजवळ मोटार ठेवली की उंदरांना उबदार बीळच मिळते. तारा कुरतडल्या की या गाडीचा मेंदूच बंद पडतो, कारण तिचे सारे काम तारांवर आणि छोट्या यंत्रगणकांवर चालते. गाडी कोठीपासून, पेंडीच्या पोत्यांपासून लांब, उघड्या फरशीवर ठेवावी. भोवती सापळे लावावेत. गाडीच्या आत विषारी आमिष मुळीच ठेवू नये. घरात लेकरे आहेत, कुत्री-मांजरे आहेत.

आणि याच ओघात एक सांगतो. तालुक्याहून येताना कीटकनाशकाच्या बाटल्या या गाडीत आणू नका. काचा बंद, थंड हवेचे यंत्र चालू, आत लेकरे आणि डिकीत औषध, हा प्रकार जिवावर बेतू शकतो. औषधे, खते, बियाणे यांना नेहमीचे मालवाहू वाहनच बरे.

खुराक

मोटारीचा खुराक कोणता ते इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस आणि पुस्तिकेत लिहिलेले असते. पेट्रोलची गाडी असेल तर आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. देशाने हे प्रमाण २०२५ साली गाठले. ते इथेनॉल आपल्याच उसापासून आणि धान्यापासून होते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जुनी गाडी दुसऱ्या हाताने घेतली असेल तर एवढे इथेनॉल तिला चालते का, हे विचारून घ्यावे. अशी गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये. इथेनॉल पाणी ओढून घेते.

डिझेलची असेल तर दोन गोष्टी. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल तिला घालू नये. त्यातला गाळ आणि पाणी ट्रॅक्टर एकवेळ सोसेल, ही सोसणार नाही. दुसरे असे की नव्या डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. रोज घर ते दूधसंस्था एवढेच फिरवले तर ती तुंबते. मधूनमधून मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवली की काजळी जळून गाळणी मोकळी होते.

आता युरियाची गंमत ऐका. पुष्कळ डिझेल गाड्यांत एक निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तीत धूर शुद्ध करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण घालावे लागते. हे ऐकून एका चाणाक्ष तरुणाने मला विचारले, "साहेब, मग घरची गोणी आहेच की!" बाबांनो, असे करू नका. ते द्रावण अतिशय शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाण्याचे असते. आपला शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे आवरण दिलेला आहे, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार आहेत. या दोहोंनी ती महागडी यंत्रणा चोंदून जाईल. शिवाय सवलतीचा युरिया शेतीखेरीज दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच.

पायाला शिकवावे लागते

आता सर्वांत महत्त्वाचे. आपला बहुतेकांचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा. बीएमडब्ल्यूची ३३०-आय ही सेडान २०१९ साली भारतात आली, तिच्या इंजिनची ताकद २५८ अश्वशक्ती. उभी गाडी ५.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरवर जाते. पत्रातल्या भावजींना ती सोडवत नाही, त्याचे कारण हेच आहे.

गाडीचा वेग वाढायला सहा सेकंद पुरतात, पण माणसाचे डोळे आणि पाय वेगवान होत नाहीत. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ४० मीटर. म्हणजे जवळपास ७० मीटर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित मुलांना पाटीवर मांडून दाखवा.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला आणि शेवटचा ५ जून २०२५ ला खुला झाला. तेथे मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर, दुचाकी यांना मज्जाव आहे. इतक्या चांगल्या रस्त्यावर जर १२०, तर आपल्या गावच्या वळणावर किती, हे ज्याचे त्याने समजावे. त्या रस्त्यावर जाण्यापूर्वी टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते.

नवा बैल औताला जुंपताना आपण त्याला पहिल्याच दिवशी मोटेला लावत नाही. आधी हलके ओझे, मग वखर, मग नांगर. नव्या गाडीचेही पहिले दोन हजार किलोमीटर असेच काढावेत. टायर आणि ब्रेकही पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत. त्या काळात गाडी मुरते आणि चालवणारा माणूसही मुरतो. यांतल्या पुष्कळ गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. पहिल्या पावसात, उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल सांडलेल्या रस्त्यावर अवचित जोर दिला की मागची बाजू घसरते. घसरण आवरणारी यंत्रणा गाडीत असते. ती बंद करण्याचे बटण कोणी दाखवले तर त्याला नमस्कार करावा आणि बटणाला हात लावू नये.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेची भीती घालून मी सांगत नाही. अपघातानंतर घरात काय उरते, ते आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे.

दुसरीकडे, घरातल्या बायकांनी ही गाडी अवश्य शिकावी. आपोआप गिअर बदलणारी असल्याने ती ट्रॅक्टरहून सोपी आहे. पत्र लिहिणाऱ्या सूनबाई, तुम्ही परवाना काढा. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली आणि भावजी गावाला गेलेले असले, तर दारातली गाडी काय कामाची?

मामंजींचे म्हणाल तर त्यांचा राग गाडीवर नसेल, गुडघ्यावर असेल. बुटक्या गाडीत चढायचे नसते, उतरायचे असते. आधी पाठमोरे होऊन बैठकीवर टेकावे, मग दोन्ही पाय मिळून आत घ्यावेत. उतरताना उलट. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, आणि पुढच्या बैठकीवर लेकरू मांडीवर घेऊ नये; समोरची हवेची पिशवी फुटली तर लेकराला इजा करते.

दावणीचा हिशेब

आता जे बदलायचे नाही ते सांगतो. शेतीचा पैसा गाडीकडे वळवायचा नाही.

विम्याच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मोटारीची किंमत एक वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घटलेली धरतात. साठ लाखांची गाडी पाचव्या वर्षी तीस लाखांची. नोंदणीच्या वेळी २० लाखांवरील पेट्रोल मोटारीला आपल्या राज्यात १३ टक्के कर पडतो. साठ लाखांवर तो पावणेआठ लाखांच्या घरात जातो, आणि विकताना तो कोणी परत देत नाही. म्हैस घेतली तर पारडू होते, विहीर खोदली तर पाणी लागते. मोटार दर वर्षी उतरतच जाते. हे कळून घेतली असेल तर हरकत नाही. न कळता घेतली असेल तर आता कळून घ्यावे.

खरी गोम अशी आहे. गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो आणि आपले पीक वर्षातून दोनदा येते. कांद्याचा भाव पडला म्हणून बँक हप्ता पुढे ढकलत नाही. मग पीककर्जातले पैसे हप्त्यात जातात, पेरणीला सावकार गाठावा लागतो, आणि चांगले चाललेले घर दोन हंगामांत बसते. म्हणून बँकेत गाडीचे वेगळे खाते काढा. एका वर्षाचा हप्ता, विमा, दुरुस्ती आणि टायरचा एक जोड एवढी रक्कम त्यात आधी बाजूला ठेवा. ते खाते रिकामे झाले की पुन्हा भरेपर्यंत गाडी दारात उभी राहील, असा घरात ठराव करा. पीककर्ज, बियाण्याचे पैसे आणि पोरींच्या शिक्षणाची ठेव यांना गाडीचा हात लागू देऊ नका. जमिनीच्या पैशातले जे शिल्लक असेल ते विहीर, ठिबक, फळबाग यांत गुंतवा. गाडी जमिनीच्या पैशाने आली, पण तिला पोसायचे आहे उरलेल्या जमिनीनेच.

आणखी एक न बदलण्याची गोष्ट. दारात मोठी गाडी आली की रस्त्याने जाणारी माणसे हात करायची थांबतात. संकोच त्यांना असतो, तो आपण मोडावा. बाजारच्या दिवशी टोपली घेऊन उभी असलेली म्हातारी दिसली तर गाडी थांबवावी. बैठकीला थोडी माती लागेल, ती पुसता येते.

शेवटी, ज्यांच्या दारात अशी मोटार नाही आणि येणारही नाही, त्यांनाही माझे एक सांगणे आहे. तुमच्या शिवारातून आता ताशी शंभरच्या वेगाने गाड्या जाणार आहेत. समोरून दुसरे वाहन आले म्हणून चालकाने दिव्याचा झोत खाली केला, की अंधारातली तुमची बैलगाडी किंवा उसाची ट्रॉली त्याला फार उशिरा दिसते, आणि थांबायला त्याला सत्तर मीटर लागतात. गाडीच्या मागच्या फळीला, ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावा. तालुक्याच्या दुकानात त्या अगदी थोड्या पैशांत मिळतात. गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत, याच आठवड्यात लावा.